मूत्राशयातील साध्या गाठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

गणेशगुडीहून मूत्ररोगतज्ज्ञाकडे जायचे तर बेळगाव, हुबळी, नाहीतर गोव्यातील बांबोळी. दिवस मोडतो, म्हणून लघवीतून रक्त गेले तरी ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणत आपल्याकडे धण्या-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात. न दुखता एकदाच लाल लघवी झाली आणि थांबली, तरी ती तपासलीच पाहिजे. मूत्राशयातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत अधिक.

काही थोड्या मात्र साध्या निघतात. त्यांतली लायोमायोमा ही स्नायूंची गाठ, गर्भाशयातील फायब्रॉइडच्याच जातीची. शंभर गाठींत ती एकही भरत नाही, आणि बायकांत जास्त आढळते. लहान असेपर्यंत तिचा त्रास नसतो. पुष्कळदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते. मूत्रमार्गाच्या तोंडाशी असली तर लघवी अडते.

सोनोग्राफी आणि एमआरआयवरून अंदाज येतो, पण गाठ साधी की कर्करोगाची हे तुकडा तपासल्यावरच ठरते. ती लहान व आतल्या बाजूला असेल तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून काढतात. पोटावर टाकाही पडत नाही. मोठी किंवा भिंतीत खोल असेल तर पोटाला चार-पाच छोटी छिद्रे पाडून लॅपरोस्कोपीने, मोठ्या शहरांत रोबोच्या मदतीने, गाठीपुरती भिंत कापून मूत्राशय शिवतात. मूत्राशय शाबूत राहते. शिवण भरेपर्यंत काही दिवस लघवीची नळी असते. शस्त्रक्रियेपेक्षा तिचाच वैताग जास्त.

पॅरागँग्लिओमा ही गाठ मात्र फसवी. ती अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्ये रक्तात सोडते. त्यामुळे लघवी करताना छातीत धडधडते, घाम फुटतो, डोके ठणकते, भोवळही येते. आधी ओळखली गेली नाही तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तदाब एकदम चढतो. ओळखली तर रक्त-लघवीच्या तपासण्या करून, काही दिवस रक्तदाबाची औषधे देऊन मगच ती काढतात. ही गाठ कधी कधी पसरतेही, म्हणून पुढे वर्षानुवर्षे तपासणीला जावे लागते. आमच्या माहितीत ही लक्षणे लाजेपोटीच सांगायची राहतात, विशेषतः घरातल्या काकू-आजींची. डॉक्टरांना ती आपणहून सांगावीत.

बीपीएल कार्ड असणाऱ्यांना ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेतून मदत मिळते. तातडी नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र घ्यावे लागते. गोव्याला जाणार असाल तर कार्ड चालेल का, हे निघण्यापूर्वीच विचारा. तुकडा तपासणीचा अहवाल घरी जपून ठेवा, पुढचा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतो.