पाणी मानवण्याचा इतिहास

बदली झालेल्या मनुष्यास स्वकीयांकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा पाण्याविषयीच असतो. घर मिळाले का, वरिष्ठ कसे आहेत, हे मागाहून; प्रथम, 'तिकडचे पाणी मानवले का?' आपल्या भाषेत पाणी बाधते, पाणी लागते. भूमी बदलली की पाणी बदलते आणि पाणी बदलले की प्रकृती बदलते, हा समज आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. सांप्रत दिल्लीपासून गुवाहाटीपर्यंत अनेक घरांच्या ओट्यावर पाणी 'अल्कधर्मी' करणारी जी विजेची यंत्रे दिसतात, त्यांच्या लोकप्रियतेचे मूळ याच समजात आहे.

हा समज प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नद्यांच्या पाण्याचे गुणदोष त्यांच्या उगमावरून सांगितले आहेत. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांचे पाणी त्वचारोग उत्पन्न करते, असे तेथे म्हटलेले वाचून कृष्णा-गोदेच्या काठी वाढलेल्या वाचकास नवल वाटेल. मात्र हिमालयातील नद्यांच्या माथी मारलेल्या रोगांत गलगंडाचाही उल्लेख आहे, आणि हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचे प्रमाण फार होते, हे अर्वाचीन वैद्यकानेही पाहिले आहे. म्हणजे निरीक्षण खरे होते. कारण तेवढे उमगले नव्हते.

युरोपातही हीच श्रद्धा होती. फ्रान्समधील व्हिशीचे अल्कधर्मी झरे पोटाच्या विकारांसाठी विख्यात होते. तिसरा नेपोलियन तेथे उपचारासाठी जाऊ लागला आणि त्या गावास वैभव आले. ज्यांना झऱ्यापर्यंत जाणे परवडत नसे, त्यांच्याकरिता झराच घरी आणण्याची खटपट त्यापूर्वीच सुरू झाली होती. लीड्स येथे मद्याच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टलीने तेथील वायू पाण्यात मिसळला आणि १७७२ मध्ये ती कृती प्रसिद्ध केली. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होईल अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली, कारण त्या रोगाचे औषध लिंबात होते, बुडबुड्यांत नव्हते. सोडावॉटर मात्र जगभर पसरले. औषध म्हणून जन्मलेली वस्तू अशा रीतीने पेय म्हणून उरली.

पुढे १८०० मध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी विजेच्या प्रवाहाने पाण्याचे विघटन केले. आजच्या यंत्राचे तत्त्व हेच होय. दोन विद्युदग्रांमध्ये पटल घालून प्रवाह सोडला, की ऋणाग्राकडील पाणी अल्कधर्मी आणि धनाग्राकडील पाणी आम्लधर्मी होते. जपानात या यंत्रांचा विकास झाला आणि १९६५ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने अशा पाण्यास मान्यता दिली. विक्रेते ही मान्यता मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या आपणांस ठाऊक आहे, की कोणतीही मंजुरी तिच्या शब्दांपुरतीच असते. ती मान्यता अपचन, जुनाट अतिसार, आम्लपित्त अशा पोटाच्या तक्रारींपुरती होती. कर्करोग, मधुमेह वा तारुण्य यांचा तीत समावेश नव्हता.

त्वचेची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग स्वभावतः किंचित आम्लधर्मी असतो. सामू पाचाच्या आसपास. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अहोरात्र राखीत असतात. प्यालेले पाणी प्रथम जठरातील तीव्र आम्लात पडते. तेव्हा पेल्यातील अल्कली चेहऱ्यावर कांती होऊन कशी उमटावी? पाणी पुरेसे प्याल्याने प्रकृतीस बरे वाटते, हे खरे. पण ते श्रेय पाण्याचे, यंत्राचे नव्हे. उलट, ज्यांची मूत्रपिंडे दुर्बळ आहेत त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून असा प्रयोग करूच नये.

गलगंडाचा उलगडा कसा झाला, हे येथे आठवावेसे वाटते. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी कांग्रा खोऱ्यात एक प्रयोग आरंभिला. काही गावांना आयोडीनयुक्त मीठ आणि काहींना साधे मीठ देऊन वर्षानुवर्षे तपासणी केली. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड ओसरला. दोष पाण्यात काही असण्याचा नव्हता, त्या भूमीत आयोडीन नसण्याचा होता. १९६२ मध्ये केंद्र सरकारने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. सुश्रुताच्या निरीक्षणास शेवटी उत्तर मिळाले ते चिमूटभर मिठात, आणि तेही दोन गटांची तुलना करून.

यंत्राची किंमत मात्र लाखांत मोजावी लागते आणि ते विकणारा पुष्कळदा परका नसतो. परमुलखात महाराष्ट्र मंडळ हेच आपले गणगोत. तेथील एखादे काका, एखाद्या वहिनी साखळीतील कडी होऊन आग्रह करतात. नाही म्हणणे जड जाते, कारण नकार यंत्रास नसून माणसास दिल्यासारखा वाटतो. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्यापूर्वी एवढेच विचारावे: कांग्र्यात झाली तशी तुलना या दाव्यांची कोणी केली आहे काय? हा प्रश्न सौजन्याने विचारता येतो आणि त्याने स्नेह तुटत नाही. नव्या गावचे पाणी पारखायचेच असेल तर ते नगरपालिकेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, संशय वाटल्यास उकळून प्यावे. बाकी मानवण्याचे काम काळ आणि शेजार करीतच असतात.