ज्येष्ठ वकिलाच्या झग्याची कुळकथा

सेनगाव तालुक्यातील गोरेगावचा एखादा शेतकरी आपल्या बांधाचा वाद औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत नेतो, तेव्हा तेथील वकिलांच्या समुदायात निराळ्या धाटणीचा झगा ल्यालेले जे मोजके विधिज्ञ त्याच्या दृष्टीस पडतात, त्यांच्या मानाचे कूळ मध्ययुगीन इंग्लंडात सापडते. तेथे ‘सार्जंट’ पदवीस पोहोचलेला वकील मस्तकावर ‘कॉइफ’ नावाची शुभ्र, घट्ट टोपी घाली, जी प्रत्यक्ष राजासमोरही उतरविण्याचे त्याला कारण नसे. पदग्रहणसमयी तो सुवर्णमुद्रिका वाटी आणि राजाच्या प्रजेची निष्ठेने सेवा करण्याची शपथ घेई. पुढे राजाच्या खास वकिलांचे, त्या रेशमी झगेवाल्यांचे, महत्त्व वाढले. न्यायाधीश सार्जंटच असावा ही अट १८७३ च्या कायद्याने गेली आणि तो वर्ग अस्तास गेला. टोपीचे नाव तेवढे अमेरिकेत उरले, जिथे कायद्याच्या अव्वल पदवीधरांची मानसंस्था १९१२ पासून ते मिरवीत आहे.

इंग्लंडात हे स्थित्यंतर घडत असताना मराठवाडा निजामाच्या अमलात होता. अदालतीचा कारभार उर्दूत चाले आणि वकिलाचा मान त्याच्या सनदेत असे. हा मुलूख १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम १६ ने ज्येष्ठ अधिवक्त्याची श्रेणी साऱ्या देशाला लागू झाली आणि १९८१ मध्ये औरंगाबादेस खंडपीठ बसले.

या परंपरेत मला झग्याहून अधिक आदरणीय वाटतो तो त्यागाचा नियम. मान स्वीकारणाऱ्याने वकालतनामा दाखल करावयाचा नाही, दावा-कैफियतीचे मसुदे लिहावयाचे नाहीत, पक्षकाराकडून थेट काम घ्यावयाचे नाही. सोबतीस दुसरा वकील असल्याखेरीज न्यायासनासमोर उभेही राहावयाचे नाही. उपजीविकेचा एवढा मोठा भाग सोडून केवळ युक्तिवादाच्या विद्येवर उभे राहणे, हे मानाचे खरे मोल होय. मात्र याच नियमामुळे गरीब पक्षकाराला या विद्वत्तेपर्यंत पोहोचण्यास दोन वकिलांचा खर्च सोसावा लागतो, हे शल्य मला दुर्लक्षणीय वाटत नाही.

निवड कशी करावी, हा वाद जुनाच. १२ ऑक्टोबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने शंभर गुणांची पद्धत आणि मुलाखत घालून दिली, आणि मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ती गुणपद्धत मोडीत काढली. विद्वत्तेची अशी मोजदाद मला कधीच रुचली नव्हती. परंतु त्याहून मोठे समाधान असे की, जिल्हा व तालुका न्यायालयांत उलटतपासणीत आयुष्य वेचणाऱ्या वकिलांचाही या मानासाठी विचार व्हावा, असे २०२५ च्या त्या निकालात न्यायालयाने बजावले.