अधिरसमची भावकी

दिवाळी जवळ आली की चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत, पार्थसारथी मंदिराभोवतीच्या माडवीदींत, म्हणजे रस्त्यांत, गुळाच्या पाकाचा आणि सुंठ-वेलचीचा वास दरवळू लागतो. घराघरांत अधिरसमची तयारी चाललेली असते. मराठी माणूस पहिल्याच घासाला म्हणतो, "अहो, हा तर आपला अनारसा!" आणि ते खरंच आहे.

हे कूळ मोठं. तेलुगूत अरिसेलु, ओडियात अरिसा पिठा, बिहारात अनरसा. अधिरसम या नावात संस्कृत 'रस' उघड दिसतो. तिरुमलैच्या विजयनगरकालीन शिलालेखांत नैवेद्याच्या पदार्थांमध्ये 'अतिरसपडी'ची नोंद आहे. पडी म्हणजे देवाला लावून दिलेला नैवेद्य. नैवेद्याची अशी काळजी तिरुवल्लिकेणीलाही जुनी. पल्लव राजा दंतिवर्म्याच्या काळातला इथला शिलालेख सांगतो, की देवस्थानाची जमीन गहाण पडली, देवाचा भात कमी झाला, तेव्हा एका दात्यानं ती जमीन सोडवून नैवेद्य पूर्ववत केला.

भावंडांच्या रीती मात्र वेगळ्या. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतं. मग सावलीत सुकवून, कुटून, गूळ-तुपात मळलेला गोळा चार-पाच दिवस मुरतो. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात न उलटता तळतात. अधिरसमचे तांदूळ थोडाच वेळ भिजतात, ओलसर असतानाच कुटले जातात आणि गुळाच्या गरम पाकात पडतात. हा गोळा एक-दोन दिवस मुरतो. तळल्यावर अधिरसम दोन झाऱ्यांत दाबून तेल निथळतात. मुरणं मात्र दोघांनाही चुकत नाही. त्या काळात गूळ पिठाच्या कणाकणात शिरतो. प्रमाण चुकलं, गूळ जास्त झाला, की अनारसा कढईत हसतो, म्हणजे फुटून विरतो.

तिरुवल्लिकेणीच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच, सँ थोमे आहे. 1672 ते 1674 ते फ्रेंचांच्या ताब्यात होतं. त्यांच्या देशातही या कुळाचा एक दूरचा भाऊ आहे: पँ देपीस, म्हणजे मसाल्यांचा पाव. रँसमध्ये तो राय धान्याच्या पिठाचा, दिजाँमध्ये गव्हाचा. रँसच्या कारागिरांच्या संघाला 1596 मध्ये राजा चौथ्या हेन्रीनं मान्यता दिली. पीठ आणि मध एकत्र करून ते 'मातृपीठ' थंड जागी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने ठेवायचं. मग बडीशेप, दालचिनी, सुंठ, लवंग घालून भाजायचं. असा पाव बरेच दिवस टिकतो. पातळ काप करून लोण्यासोबत खातात.

त्यांच्याकडे ऊस नव्हता, म्हणून मध आला. आपल्याकडे ऊस होता, शिवाय मध तापवू नये असं चरकसंहिता सांगते, म्हणून गूळ आला. दालचिनी, सुंठ, लवंग मात्र पूर्वेकडचीच. जहाजांतून तिकडे गेलेली. गोडवा पिठातलं पाणी धरून ठेवतो, बुरशीला जागा देत नाही, ही युक्ती दोन्हीकडच्या बायाबापड्यांनी अनुभवातून शोधली.

म्हणून यंदा अनारसे करताना बाजारचं तयार पीठ आणू नका. तांदूळ स्वतः भिजवा, निम्म्या गोळ्यात तिरुवल्लिकेणीसारखी सुंठ-वेलची घाला, आणि गोळ्याला त्याचे दिवस मोजून द्या. या कुळाची खरी चव त्या दिवसांत तयार होते.