निम्मोचं झाड

पावसाळा संपला की कर्जतहून कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीला चढायचं, हा आमच्या ग्रुपचा नेम. गेल्या ऑक्टोबरात लेण्यांच्या वर धापा टाकत थांबलो होतो तेव्हा समोर एक मध्यम उंचीचं झाड दिसलं. पानं भेंडीच्या पानांसारखी कोनाकोनांची, पण तळहाताहून मोठी. फांद्यांच्या टोकाला पिवळ्या फुलांचे घोस. खाली जुनी फळं पडली होती: तीन धारांची, लाकडासारखी टणक आणि वर राठ काटेरी केस. एक फळ माझ्या सॉक्सला चिकटून बसलं. सोबत वाट दाखवायला आलेले काका म्हणाले, "चौर हाय ह्यो. ह्याच्या सालीचे दोर वळायचे आधी." विषय तिथेच संपला, कारण पुढे चढ होता.

घरी आल्यावर पुस्तकं उघडली. काही ठिकाणी ह्याला जंगली भेंडीही म्हणतात. शास्त्रीय नाव एरिनोकार्पस निम्मोनाय. पहिला शब्द फळावरून आलाय, अंगभर काटे असलेल्या हेजहॉग नावाच्या प्राण्यासारखं फळ म्हणून. पण हा निम्मो कोण? (सिनेमातला तो केशरी मासा नव्हे!) म्हटलं बघू या, आणि अख्खा रविवार त्यात गेला.

गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या टपाल खात्यात. जॉन ग्रॅहम हा स्कॉटलंडच्या डम्फ्रीशायरचा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम त्याच भागातला, त्यामुळे गाववाल्याच्या वशिल्याने ग्रॅहम इकडे आला आणि डेप्युटी पोस्टमास्टर जनरल झाला. नोकरी टपालाची, जीव मात्र झाडांत. शिवडीला तेव्हा कृषी-बागायती सोसायटीची वनस्पती बाग होती (पुढे तिथेच ख्रिस्ती दफनभूमी झाली). अशा उद्योगांत तो रमायचा. मुंबई आणि आसपासच्या झाडझाडोऱ्याची एकही धड यादी नाही, हे त्याला खटकलं असावं. म्हणून त्याने ती स्वतःच करायला घेतली. ऑफिस सांभाळून. आपल्यापैकी ज्यांचे "साइड प्रोजेक्ट" तीन-तीन वर्षं रखडलेत, त्यांनी इथे खाली मान घालावी. मी घातली आहे.

घाटाचंही बघा. १८३० साली माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि खोपोलीच्या पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत चाकं चढू लागली. रेल्वे यायला अजून तेहेतीस वर्षं होती. माथेरान तर साहेबाच्या नकाशावरच नव्हतं, ठाण्याचा कलेक्टर मॅलेट तिथे पोचला तो १८५० साली. म्हणजे आपण आज लोकलने जाऊन मिसळ खाऊन येतो तो सगळा टापू त्या काळच्या वनस्पतिशास्त्राला जवळपास कोराच होता.

यादी छापायला गेली. छपाई बरीच पुढे सरकली होती आणि २८ मे १८३९ रोजी ग्रॅहम खंडाळ्याला वारला. वय जेमतेम चौतीस. उरलेलं पुस्तक पूर्ण केलं ते जोसेफ निम्मोने. निम्मोने निम्मं केलं असं म्हणायचा मोह होतो, पण हिशोबाने त्याच्या वाट्याला त्याहून कमी आलं. असो. त्याच वर्षी ते पुस्तक प्रसिद्ध झालं आणि त्यात आपला चौर जगाला पहिल्यांदा भेटला, निम्मोचं नाव लावून.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला मला वेळ लागला. "नवीन जात शोधली" म्हणजे कुणी पहिल्यांदा पाहिली असं नव्हे. काकांचे पणजोबा चौराचे दोर वळतच होते. शास्त्राच्या लेखी झाड जन्माला येतं ते नाव छापून प्रसिद्ध होतं त्या तारखेला. आधी कुणाच्या वहीत किंवा कपाटात असलं तरी मोजत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉपवरचा कोड हिशोबात नाही, रिलीज झाला तोच खरा. आज नियम कडक आहेत. नमुना वाळवून हर्बेरियममध्ये ठेवावा लागतो आणि तोच त्या नावाचा कायमचा पुरावा. वर्णन लॅटिनमध्ये द्यायची सक्ती १९३५ पासून होती, ती २०१२ पासून सुटली, आता इंग्रजी चालतं. आणि नवी जात म्हणण्याआधी पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी जुने कागद उलटून बघायचे, की आपल्या आधी कुणी हेच केलंय का. बहुतेक वेळा केलेलं असतं!

ग्रॅहमनंतर डाल्झेल आणि गिब्सनचा "बॉम्बे फ्लोरा" आला १८६१ साली. डाल्झेल कस्टम्समधला, गिब्सन डॉक्टर. मग १९०१ ते १९०८ थिओडोर कुकचा मोठा ग्रंथ, आणि हा कुक म्हणजे रेल्वेचे पूल बांधणारा इंजिनियर, नंतर पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल. टपाल, जकात, औषध, पूल. सगळे पोट भरायला दुसरंच काही करणारे.

चौराची आणखी एक गंमत म्हणजे त्याच्या प्रजातीत तो एकटाच आहे. सिंगलटन क्लास म्हणा. सख्खं भावंड जगात कुठेच नाही आणि तो स्वतः रानात सापडतो फक्त पश्चिम घाटात नि त्याच्या आसपास. म्हणजे कर्जतच्या उतारावर सेकंड होमच्या प्लॉटसाठी सपाटी करताना जे "झुडूप" जातं, ते वाघासारखं नसतं. वाघ गेला तर सिंह, बिबट्या हे नातलग तरी उरतात.

परवा काकांना फोन केला होता, पुढच्या ट्रेकचं ठरवायला. बोलता बोलता सांगितलं, की तुमच्या चौराला एका साहेबाचं नाव आहे, निम्मो. काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "त्याला ठावं व्हतं का दोर वळायला?"

मला उत्तर देता आलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी जातोय, कुणाला यायचं असेल तर कळवा.