एदोचं दुखणं

एदो म्हणजे आजचं तोकियो. तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमलात प्रांतोप्रांतीचे सामुराई आपापल्या सरदाराबरोबर तिथे चाकरीला येऊन राहत. गावाकडे त्यांच्या जेवणात जव आणि इतर भरड धान्यं असत, तांदूळ असला तरी अर्धवट सडलेला. राजधानीत मात्र रोज शुभ्र भात. काही महिने गेले की पाय जड पडू लागत. बोटं बधिर होत, पोटऱ्या सुजत, चालता चालता गुडघे दगा देत. पुढे छातीत धडधड सुरू होई आणि धडधाकट दिसणारा गडी दगावे. हाच माणूस वेळेत गावी परतला, तर औषधावाचून बरा होई. म्हणून लोक त्याला 'एदो वाझुराई' म्हणत, म्हणजे एदोचं दुखणं. वैद्य त्याला 'काक्के' म्हणत. आपण ओळखतो ते बेरीबेरी या नावाने.

हा आजार श्रीमंतीच्या वाटेने आला होता. तांदूळ जितका सडावा तितका पांढरा होतो, आणि जितका पांढरा तितका तो मानाचा. शोगुन इएमोची 1866 साली ऐन विशीत वारला, तो काक्केनेच असं मानलं जातं. सम्राट मेइजी यांनाही हे दुखणं होतं. डोंगराळ मुलखातला शेतकरी जवाचा भात खाऊन बैलासारखा राबत होता, आणि राजवाड्यात पाय सुजत होते.

मग देशाने आरमार उभारलं, आणि भरल्या ताटाचा पांढरा भात गरिबांच्या पोरांनाही मिळू लागला. 1882 साली जपानी आरमारात 4,769 माणसं होती. त्या एका वर्षात काक्केचे 1,929 रुग्ण नोंदले गेले. दहांतले चार! अशा आरमाराने लढायचं कसं?

ताकाकी कानेहिरो हे आरमाराचे डॉक्टर. जन्म 1849 चा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पाच वर्षं शिकून ते 1880 साली परतले होते. ब्रिटिश आरमारात हा आजार नव्हता, आपल्याकडेच का, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यांनी जहाजाच्या कोठाराकडे आणि खलाशांच्या ताटाकडे पाहिलं. अधिकाऱ्यांत रुग्ण थोडे, साध्या खलाशांत पुष्कळ. परक्या बंदरात उतरून तिथलं अन्न खाल्लं की दुखणं ओसरे. आणखी एक गोष्ट कळली, ती वाचताना आजही गलबलतं. खलाशाला भात सरकारी मिळे आणि कालवणासाठी रोख पैसे. गरिबाघरची ही पोरं ते पैसे वाचवून घरी धाडीत आणि स्वतः जवळजवळ नुसत्या भातावर दिवस काढीत.

1882 च्या अखेरीस 'ऱ्युजो' हे शिकाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाईच्या सफरीवर निघालं होतं. त्यावरच्या 376 जणांपैकी 169 जणांना काक्के झाला आणि 25 जण दगावले. ताकाकींनी आग्रह धरला, की दुसरं जहाज याच वाटेने न्या, फक्त शिधा बदला. 1884 च्या फेब्रुवारीत 'त्सुकुबा' निघालं. कोठारात मांस, मासळी, पाव, कडधान्यं, डब्यातलं आटवलेलं दूध. नऊ महिन्यांहून अधिक काळाच्या त्या सफरीत काक्केने एकही माणूस गेला नाही. आजारी पडलेल्यांची संख्या दीड डझनाच्या आत राहिली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी नवं अन्न बाजूला सारलं होतं.

खलाशांना पाव काही केल्या आवडेना. तेव्हा पुढच्या वर्षी ताकाकींनी भातातच जव मिसळायला लावला. गावाकडचं, गरिबाचं धान्य! 1886 साली आरमारातल्या माणसांची संख्या 8,475 झाली होती आणि वर्षभरातले काक्केचे रुग्ण होते तीन. इंग्रजी आरमाराकडून उचललेली करीही याच काळात जहाजांवर रुळली. पिठाने दाट केलेला, मांस आणि भाज्या घातलेला तो रस्सा 1908 च्या आरमारी पाकपुस्तकात दिसतो, आणि जपानी नौदलात आजही शुक्रवारी करीभात असतो.

ताकाकींचं शास्त्र मात्र चुकीचं होतं. अन्नातल्या नत्र आणि कर्बाचं प्रमाण बिघडल्याने हा रोग होतो, असं ते सांगत. भूदलाच्या डॉक्टरांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. जर्मनीत शिकून आलेले मोरी रिंतारो, म्हणजे थोर कादंबरीकार मोरी ओगाई, हे पांढऱ्या भाताचे खंदे पाठीराखे होते. त्यांच्या गटाच्या मते काक्के जंतूंमुळे होत असला पाहिजे. खरं तर ओसाकातल्या लष्करी डॉक्टरांनाच दिसलं होतं, की जवमिश्रित भात खाणाऱ्या कैद्यांत काक्के नाही, आणि तिथल्या पलटणीतही तो उपाय लागू पडला होता. पण वरिष्ठांना आधी कारण हवं होतं. 1904-05 च्या रशियाबरोबरच्या युद्धात भूदलातले सुमारे 27,000 सैनिक काक्केने मेले. त्याच युद्धात आरमारातले रुग्ण शंभराच्या आसपास होते. कार्यकारणभाव सिद्ध होईपर्यंत सैनिकांच्या पानात जव पडू न देणं ही विद्वत्तेची चूक होती, आणि ती अक्षम्य होती.

खरं कारण जावा बेटावर कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं. डच डॉक्टर क्रिस्तिआन आइकमान यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडल्या आणि काही महिन्यांनी आपोआप सुधारल्या. चौकशीत कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना द्यायचं नाकारलं आणि कोंबड्या वाचल्या! मग अडोल्फ फोर्डरमान यांनी जावातल्या 101 तुरुंगांची पाहणी केली. पांढऱ्या तांदळाच्या तुरुंगांत दर 39 कैद्यांमागे एकाला बेरीबेरी, असडी तांदळाच्या तुरुंगांत दहा हजारांत जेमतेम एकाला. कोंड्याबरोबर आपण जे फेकत होतो, ते पुढे थायमिन म्हणजे ब-1 जीवनसत्त्व ठरलं. आइकमान यांना 1929 साली नोबेल मिळालं.

इथे ही गोष्ट कोकणात येते. कोकणात आणि गोव्यात भात भिजवून, मोठ्या हंड्यात उकडून, अंगणात वाळवून मग कांडायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. उकडताना सालाजवळचं थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात उतरतं आणि तिथेच राहतं. मग गिरणीने वरचा थर काढला, तरी बरंचसं आत उरतं. कुन्नूरला आहारावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1920 च्या दशकात हाच फरक दक्षिण भारतात दाखवला. किनारी आंध्रात पांढरा सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी होता, आणि उकडा खाणारे शेजारी बहुतांशी त्यातून सुटले होते. उकड्या तांदळाची पेज पिऊन शेतावर जाणाऱ्या बाईने जीवनसत्त्वाचं नावही ऐकलं नव्हतं. तिच्या चुलीवर ते टिकत होतं.

हाताने कांडलेल्या तांदळातही हे जीवनसत्त्व बरंचसं टिकतं. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. मगनवाडी या तिथल्या केंद्रातल्या कामात हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाण्याचं तेल आणि गूळ यांना मानाचं स्थान होतं. कांडपाची मजुरी गावातच राहावी हा त्यात एक हेतू होता आणि गावकऱ्याच्या पोटात सकस अन्न जावं हा दुसरा. पण गिरण्या वाढत गेल्या, मुसळं माळ्यावर गेली.

जपानमध्ये 1970 च्या दशकाच्या मध्याला काक्के पुन्हा दिसला. देश तोवर संपन्न झाला होता. रुग्ण बहुतेक तरुण होते. झटपट नूडल्स, गोड शीतपेयं आणि पांढरा भात, एवढ्यावर त्यांचं चाललं होतं.

सावंतवाडीच्या, मालवणच्या, म्हापशाच्या बाजारात उकडा तांदूळ आजही पोत्यांतून मिळतो. लालसर, जाड, शिजायला वेळ घेणारा. घरात तो आजारपणातल्या पेजेपुरता उरला असेल, तर आठवड्यातून दोन दिवस तरी त्याचा भात लावा. पेज गाळून टाकू नका, मीठ घालून प्या.