विहीर, वाळू आणि तेल

आमच्या राळेगावकडे नवी विहीर खणायला घेतली की जुनी माणसे पहिल्यांदा पाण्याचे विचारीत नाहीत. ती विचारतात, "दगड कसा लागला?" मुरूम लागला तर चेहरे खुलतात, सलग काळा पाषाण लागला तर माना खाली जातात. आमच्या घरची एक विहीर अशीच पाषाणात गेली. पाणी लागले नाही, कर्ज मात्र राहिले. वाचकहो, तेलाच्या शोधाचा इतिहास हा बराचसा याच प्रश्नाचा इतिहास आहे.

फ्रान्समधील दिजाँ शहराला पाणी आणणारे अभियंते आँरी दार्सी यांनी १८५६ साली, वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम मांडला. तीनच वर्षांनी, १८५९ साली, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेक यांच्या विहिरीला तेल लागले. पुढे तेलवाल्यांनी खडकाचा पाझर मोजण्याच्या मापाला दार्सींचेच नाव दिले.

कारण तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींत ते असते. सैल वाळूत शंभरात सुमारे ४० भाग पोकळी असते. पण वाळू खोल गाडली गेली की भाराने कण दाटतात, सिलिका नि चुना फटी लिंपतात, चिकणमाती वाटा बुजवते. मग तेल असूनही हाती येत नाही! उलट, कधी कणांवर क्लोराइट खनिजाचा पातळ लेप आधीच बसलेला असतो. तो सिलिकेला पाय रोवू देत नाही आणि खोलवरही पोकळी टिकते. म्हणून नुसत्या खोलीवरून भाकीत करून भागत नाही. वाळू कोणत्या डोंगराची, पाण्याने ती कशी निवडली, पुढे ती किती तापली, हे सारे पाहावे लागते.

आपल्याकडे १९५८ साली खंबायतला आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. अंकलेश्वरचे तेल वालुकाश्मातले. गंमत अशी की, तिथल्या गाळाच्या थरांखालची फरशी म्हणजे आपलाच काळा पाषाण! १९७४ साली मुंबई हायला तेल लागले, ते मुख्यतः चुनखडकात. तिथे वालुकाश्माचे आडाखे जसेच्या तसे चालत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात वणीकडे कोळशाच्या थरांवर कामठीचा वालुकाश्म आहे, आणि त्यात पाणी चांगले मुरते. जिल्हा एक, पण दगड दोन आणि नशिबेही दोन. तेव्हा विहीर पाण्याची असो वा तेलाची, आधी दगडाला विचारावे, मग कर्ज काढावे. आमच्या घरी हे उलट्या क्रमाने झाले, म्हणून सांगतो.