आकाशवाणीची संकेतधून आणि गुरुवारच्या मैफली

#धागा

१/ अहमदपूरच्या जुन्या वाड्यांत एके काळी दिवस रेडिओने उजाडत असे. चूल पेटायच्या आधी रेडिओचे बटण फिरे. बातम्या आणि भक्तिगीते सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर व्हायोलिनची एक संथ, किंचित उदास धून ऐकू येई. ती ऐकत दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. ती धून कोठून आली, याचा हा धागा.

२/ या धूनचे श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन या संगीतकारास दिले जाते. जन्म १९०७, गाव कार्ल्सबाड. आज ते चेक प्रजासत्ताकात कार्लोवी वारी या नावाने ओळखले जाते. कुटुंब ज्यू. शिक्षण बर्लिन आणि प्राग येथे. आपले प्राध्यापक नाझी विचारांचे आहेत हे कळल्यावर त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठाची डॉक्टरेट नाकारली.

३/ १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना रंगमंचाची दारे बंद होऊ लागली. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. हिंदुस्थानच का, याचे त्यांनी पुढे दिलेले उत्तर अगदी साधे होते: इथला व्हिसा सहज मिळाला. थोडे दिवस राहून परतायचे, असा विचार होता. मुक्काम बारा वर्षांचा झाला.

४/ आल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. काहीच कळेना. पण त्यांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी रचले आहे, लाखो लोकांना ते प्रिय आहे. तेव्हा उणीव असेल तर ती ऐकणाऱ्याची, म्हणजे माझी, असे त्यांनी मानले आणि शिकायला बसले.

५/ पोटापाण्याची सोय आणि मनाचा विरंगुळा या दोन्हींसाठी त्यांनी मुंबईत आल्यानंतर काही महिन्यांतच ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ वेर्गा. मे १९३७ पर्यंत संस्थेच्या १३६ मैफली झाल्या होत्या.

६/ चेंबर म्युझिक म्हणजे काय? आपल्याकडच्या ‘बैठकी’चा युरोपीय अवतार म्हणता येईल. मोठे सभागृह नको, शंभर वादकांचा ताफा नको, हातात काठी घेऊन उभा राहणारा संचालक नको. एखादा दिवाणखाना, दोन ते आठ-नऊ वादक आणि हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते. प्रत्येक वादकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ. ती वाजवणारा दुसरा कोणी नाही.

७/ बैठकीपेक्षा एक फरक मात्र मोठा. आपल्या मैफलीत मुख्य कलावंत एक आणि बाकीचे साथीदार. येथे साथीदार ही जागाच नाही. आता व्हायोलिन पुढे, आता पियानो, आता चेलो; आणि ज्याची ओळ मागे जाते त्याने आपणहून आवाज आवरायचा. कोणी खूण करत नाही. एकमेकांचा श्वास ऐकूनच हे साधावे लागते.

८/ त्या त्रिकुटातील मेहली मेहता हे मुंबईचे पारशी तरुण, जन्म १९०८. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. चौघांचा तो वृंद त्यांच्या घरी तालमी करी, आणि ते सूर कानावर घेत एक मूल वाढत होते. त्याचे नाव झुबिन मेहता.

९/ आता या मैफलींतील एका जुन्या पेचाकडे वळू. पियानोच्या सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि ठरलेला स्वर उमटतो. दोन स्वरांमधली जागा पियानोला बंद. व्हायोलिनला पडदे नाहीत. बोट घसरले की मींड, किंचित सरकले की श्रुती. दोघे एकत्र वाजवतात तेव्हा व्हायोलिनला पियानोचे ऐकावे लागते, कारण पियानो जागचा हलू शकत नाही.

१०/ हाच पेच आपल्या पेटीचाही. म्हणूनच १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठरीव, तीत मींड नाही, रागाची श्रुती ती झाकते, असा आक्षेप होता. नाट्यसंगीत आणि भजन पेटीवर पोसलेल्या महाराष्ट्राला हा निर्णय बोचणारच होता. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले.

११/ १९३७ मध्ये कॉफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. त्याच काळातील ही संकेतधून. तिचा आधार शिवरंजनी असल्याचे सांगितले जाते: सा, रे, कोमल ग, प, ध, मध्यम आणि निषाद वर्ज्य. व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजवले, असे मानले जाते. म्हणजे गुरुवारच्या त्रिकुटातील दोघे येथेही सोबत होते.

१२/ आता ती धून पुन्हा ऐका आणि तिच्यात काय नाही, तेही पाहा. तिच्यात पियानो नाही. रचणारा पियानोवादक, वर्षानुवर्षे दर गुरुवारी त्याच वाद्यापुढे बसलेला. तरीही त्याने स्वरभरण तंबोऱ्यावर सोपवले, गाणे व्हायोलिन-कुळाकडे दिले आणि स्वतःचे वाद्य बाजूला ठेवले. चेंबर म्युझिकमध्ये ‘आपण कधी थांबावे’ हे शिकावे लागते. मला वाटते, या धूनमधला सर्वांत मोठा संस्कार तोच आहे.

१३/ त्या मैफलींचे जग लहान होते, हेही सांगितले पाहिजे. जिमखान्यात जमणारा श्रोता मुंबईतील मोजक्या वर्गाचा. मिलमजुरापर्यंत ते सूर गेले नाहीत, मराठवाड्यातील शेतकऱ्यापर्यंत तर नाहीच. दिवाणखान्याची भिंत पाडली ती रेडिओने, आणि पलीकडे पोहोचली ती अवघ्या काही सेकंदांची एक धून.

१४/ अहमदपूरपर्यंतची तिची वाटही सरळ नव्हती. हा तालुका तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होता आणि संस्थानाचे रेडिओ केंद्र स्वतंत्र होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० मध्ये संस्थानी रेडिओ ऑल इंडिया रेडिओत विलीन झाला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला.

१५/ म्हणजे या भागाचा रेडिओ ऑल इंडिया रेडिओच्या छत्राखाली आला, तेव्हा धूनचा कर्ता भारतात नव्हताच. १९४६ मध्ये कॉफमन मुंबई सोडून गेले होते. १९५० साली ते कॅनडातील विनिपेग येथे, बर्फाच्या प्रदेशात, सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालन करत होते. मागे वळून जावे असे युरोपातील घर उरले नव्हते. त्यांच्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणी, गेर्टी यांच्या आईसह, नाझींच्या संहारात बळी गेल्या.

१६/ मेहली मेहताही मुंबईत राहिले नाहीत. १९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले आणि लॉस एंजेलिसमध्ये तरुण वादकांचा वृंद घडवला. ज्या शहरात त्यांनी एवढी वर्षे झिजवली, तेथे पूर्ण वेळ पाश्चात्त्य संगीत वाजवून संसार चालवणे अवघड होते.

१७/ मागे राहिलेल्यांना चित्रपटांनी सांभाळले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत बसले. त्यांपैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात भारतीय रागांवर आधारित रचना मोठ्या वाद्यवृंदासह सादर केल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. पडद्यावर मात्र अशा वादकांची नावे क्वचितच झळकली.

१८/ कॉफमन पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आणि दाक्षिणात्य रागांवरचा १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संगीताने पहिल्या दिवशी त्यांना बुचकळ्यात टाकले, त्याच्यासाठी उरलेले आयुष्य गेले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९/ त्यांच्या चेंबर रचना दीर्घकाळ धूळ खात पडल्या होत्या. २०२० मध्ये टोरांटोच्या ‘एआरसी एन्सेंबल’ने त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तीत तीन व्हायोलिन, एक व्हिओला, दोन चेलो आणि पियानो यांच्यासाठीचे एक सप्तकूटही आहे. मुंबईच्या पावसात बसून लिहिणाऱ्या एका निर्वासिताचे घर त्यात ऐकू येते; आणि मधूनच एखादी स्वरावली अशी येते की मराठी कानाला ती ओळखीची वाटते.

२०/ निर्वासिताला आपण आसरा दिला, असे म्हणण्याची पद्धत आहे. येथे हिशेब उलटाही मांडून पाहावा. घर गमावलेल्या माणसाने आपल्या घराघराला सकाळ दिली. लिंबोटीच्या परिसरात असो की बालाघाटाच्या डोंगराआड, पहाटे रेडिओ लावणाऱ्या कोणालाही त्याचे नाव ठाऊक नव्हते. घरात कोणी थोरले असतील तर त्यांना ती धून ऐकवा आणि हे नाव सांगा: वॉल्टर कॉफमन.

(धागा समाप्त)